जुन्या नोकरीचे हक्क कसे शोधावेत: कायद्यांच्या तारखा आणि कामगाराचे कागद

वागळे इस्टेट, कोलशेत, ठाणे-बेलापूर रस्ता किंवा तुर्भ्याचा बाजार या पट्ट्यात ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे काम केले, त्यांपैकी अनेकांच्या कंपन्या आज जागेवर नाहीत. कारखान्याच्या जमिनीवर निवासी संकुल उभे राहिले, मालक बदलले, कंत्राटदार तर नावासकट नाहीसे झाले. घरात मात्र पगाराच्या पावत्या, पीएफच्या स्लिपा, पंचिंग कार्ड आणि ईएसआयचे पिवळे पडलेले कार्ड अशी एक पिशवी जपून ठेवलेली असते, आणि तिच्यातून अजून काही मिळू शकते का, हा प्रश्न निवृत्त कामगाराला किंवा त्याच्या मुलाबाळांना पडलेला असतो. तो प्रश्न कोणत्या क्रमाने सोडवावा, हे या मार्गदर्शिकेत मांडले आहे.

बहुतेक जण थेट कार्यालय गाठतात आणि खिडकीवर विचारतात, ‘आमचे काही निघते का?’ या प्रश्नाला उपयोगाचे उत्तर मिळत नाही, कारण सामाजिक विम्याचा आपल्याकडील प्रत्येक कायदा ठराविक तारखेला, ठराविक कामगारसंख्येच्या आस्थापनांना आणि बहुधा ठराविक पगारापर्यंतच लागू झाला, आणि या तिन्ही मर्यादा पुढे वारंवार बदलत गेल्या. म्हणून कायद्यांचा इतिहास आधी समजून घ्यावा लागतो. दाव्याच्या दृष्टीने तो पुस्तकी विषय नाही, हिशोबाचे साधन आहे.

पैसा कोणाच्या हाती होता

पहिली पायरी अशी की, जो हक्क आपण शोधत आहोत त्याचा पैसा मालकाच्या खिशातून यायचा होता, एखाद्या निधीत साठत होता, की सरकारने किंवा सरकारी मंडळाने द्यायचा होता, हे ठरवावे. कंपनी बंद पडली असेल तर सगळा फरक इथेच पडतो.

मालकाने स्वतः भरपाई द्यावी, हा सर्वांत जुना प्रकार होय. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला आणि कामामुळे व कामाच्या ओघात झालेल्या अपघाताची जबाबदारी त्याने मालकावर टाकली. मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा केला. त्या विधेयकावर १९२८ मध्ये विधिमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिलाच, शिवाय हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, असेही मत मांडले. त्या मतातील व्यवहार पुढे अनुभवाने पटला, कारण सगळा खर्च एका मालकावर पडला की तो स्त्रियांना कामावर घेणेच टाळतो, आणि जखमी कामगाराला भरपाईसाठी ज्याच्याकडे नोकरी करायची त्याच्याच विरुद्ध उभे राहावे लागते. १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा उशिरा आला असला, तरी याच जातकुळीतला आहे: पैसा मालकाकडून, थेट.

दुसरा प्रकार वर्गणीचा. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये वार्धक्य व अपंगत्वाचा विमा कायद्याने सक्तीचा झाला. ब्रिटनने १९११ मध्ये तो मार्ग धरला. आपल्याकडे मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. तेव्हा आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सदस्य होते. आडारकरांचा अहवाल १५ ऑगस्ट १९४४ रोजी सादर झाला आणि त्यातून पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ‘ईएसआय’, आकाराला आला. प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. त्याच वर्षी भविष्य निर्वाह निधीचा कायदा आला. या प्रकारात मालक आणि कामगार दोघांची वर्गणी एका निधीत जाते, त्यामुळे कंपनीला कुलूप लागले तरी जमा झालेला पैसा आणि सेवेची नोंद निधीकडे शिल्लक राहते. माझ्या मते बंद कंपनीच्या कामगाराने शोध नेहमी इथूनच सुरू करावा, ग्रॅच्युइटीच्या भांडणापासून नव्हे.

तिसरा प्रकार मंडळांचा आणि करातून चालणाऱ्या योजनांचा. कामगार कल्याण निधी, माथाडी मंडळे, बांधकाम कामगारांचे मंडळ आणि निराधारांसाठीची अनुदाने त्यात मोडतात. त्यांपैकी माथाडींचा विषय नवी मुंबईत मोठा असल्याने त्याकडे पुढे स्वतंत्रपणे वळू.

कागद कसे लावावेत

एका मोठ्या कागदावर मधोमध उभी रेघ ओढावी. डावीकडे कामगाराचे आयुष्य लिहावे: जन्मतारीख, प्रत्येक ठिकाणी रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, तो बदली होता, कंत्राटी होता की कायम, त्या ठिकाणी अंदाजे किती माणसे होती, आणि जेवढ्या वर्षांचा आठवेल तेवढ्या वर्षांचा पगार. उजवीकडे त्या त्या काळात अमलात असलेले कायदे आणि त्यांच्या मर्यादा लिहाव्यात. आठवणीतल्या तारखा पेन्सिलने आणि कागदावरून घेतलेल्या पेनाने लिहिल्या, तर पुढे कोणत्या गोष्टीला पुरावा हवा आहे ते एका दृष्टीत कळते.

डावी बाजू भरण्यासाठी सर्वांत बोलका कागद म्हणजे पगाराची पावती. तिच्यावरील प्रत्येक कपात एकेका कायद्याची साक्ष असते. ‘पीएफ’ची कपात असेल तर आस्थापना भविष्य निर्वाह निधीखाली होती, ‘एफपीएफ’ किंवा ‘एफपीएस’ असा वेगळा रकाना असेल तर कामगार १९७१ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेचा सभासद होता, ‘ईएसआय’ची कपात एखाद्या महिन्यापासून अचानक थांबली असेल तर पगार मर्यादेपलीकडे गेला होता. जून आणि डिसेंबरच्या पावतीवर काही रुपयांची किरकोळ कपात दिसते, ती १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याची. जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे: ‘पीटी’ म्हणून जो व्यवसाय कर कापला जातो, तो महाराष्ट्राने १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी लावला होता, म्हणजे वागळे इस्टेटमधील फिटर दुष्काळी तालुक्यातील मजुराच्या हमीसाठी दरमहा काही देत होता. या कपातीतून कामगाराला स्वतःला काही परत मिळत नाही. नोकरी त्या महिन्यात चालू होती, याचा पुरावा म्हणून मात्र ती उपयोगी पडते.

पीएफचा क्रमांक नीट उतरवून घ्यावा. जुन्या स्लिपवर ‘एमएच’, मग तिरकी रेघ, आस्थापनेचा क्रमांक, पुन्हा तिरकी रेघ आणि कामगाराचा खाते क्रमांक असे स्वरूप असते. आजच्या बावीस अक्षरांच्या सभासद क्रमांकात पहिली पाच अक्षरे कार्यालयाची असतात: ‘टीएचटीएचए’ असेल तर ठाणे, ‘टीएचव्हीएसएच’ असेल तर वाशी. त्यानंतर आस्थापनेचे सात अंक, उपक्रमांकाचे तीन आणि खात्याचे सात येतात. जुने आकडे लहान असले तर पुढे शून्ये भरली जातात. या खटपटीतून निदान चुकीच्या कार्यालयाच्या रांगेत उभे राहणे वाचते.

तारीख, माणसे आणि पगार

आता उजवी बाजू. भविष्य निर्वाह निधीचा अध्यादेश १५ नोव्हेंबर १९५१ रोजी निघाला, कायदा १९५२ चा, आणि योजना १ नोव्हेंबर १९५२ पासून चालू झाली. आरंभी सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड या सहाच उद्योगांना आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. १९६० च्या अखेरीस पन्नासाचे वीस झाले आणि उद्योगांची यादी वाढत गेली. नव्या कारखान्याला सुरुवातीची काही वर्षे सूट असे. ती सूट २२ सप्टेंबर १९९७ रोजी संपली. त्यामुळे १९९० मध्ये सुरू झालेल्या एखाद्या लहान कारखान्यात पहिल्या दोन वर्षांची पीएफ कपात सापडत नसेल, तर मालकाने बुडवलेच असे मानण्याआधी ही सूट तपासावी. तसेच पूर्वी काही काळ नोकरी झाल्यावरच सभासदत्व मिळे. रुजू झाल्या दिवसापासून सभासदत्व देण्याची तरतूद १ नोव्हेंबर १९९० पासूनची आहे.

पगाराची मर्यादा १९५२ मध्ये ३०० रुपये होती. पुढचे टप्पे असे लिहून ठेवावेत: १९८५ मध्ये २,५००, नोव्हेंबर १९९० मध्ये ३,५००, ऑक्टोबर १९९४ मध्ये ५,०००, जून २००१ मध्ये ६,५०० आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. पेन्शनचा हिशोब करताना, अपवाद सोडल्यास, या मर्यादेइतकाच पगार धरला जातो. म्हणूनच हातात मोठा पगार असलेल्या माणसाचे पेन्शन इतके कमी कसे, हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो.

निधीला जोडून आलेल्या योजनांच्या तारखा तर पाठच असाव्यात. कुटुंब निवृत्तिवेतन योजना १ मार्च १९७१ ची, सभासदाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारा ठेव-संलग्न विमा १ ऑगस्ट १९७६ चा, आणि कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ची. कामगाराला स्वतःला हयातीत मासिक पेन्शन देणारी योजना ही शेवटची होय. १९७१ ची योजना मुख्यतः त्याच्या पश्चात कुटुंबासाठी होती.

ईएसआयची पगारमर्यादा सुरुवातीला ४०० रुपये होती. १९७५ मध्ये १,०००, १९८५ मध्ये १,६००, १९९२ मध्ये ३,०००, जानेवारी १९९७ पासून ६,५००, २००४ मध्ये ७,५००, ऑक्टोबर २००६ मध्ये १०,०००, मे २०१० मध्ये १५,००० आणि जानेवारी २०१७ पासून २१,००० असे ते आकडे चढत गेले. मर्यादा आणि पगार यांची शर्यत सतत चालू असल्याने एकच कामगार विम्यातून बाहेर जाई आणि काही वर्षांनी पुन्हा आत येई. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा मोजतात. मध्येच पगार वाढला, तरी तो अर्धवर्षाचा काळ संपेपर्यंत संरक्षण चालू राहते.

एक कल्पित उदाहरण, आकड्यांसह

समजा, १० मे १९५५ रोजी जन्मलेला एक कामगार १ एप्रिल १९७९ रोजी वागळे इस्टेटमधील अभियांत्रिकी कारखान्यात लागला आणि ३१ मार्च २००४ रोजी कारखाना बंद होईपर्यंत तिथेच राहिला. नोव्हेंबर १९९५ मध्ये त्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २,७०० रुपये होते, एकूण पगार त्याच महिन्यात वाढून ३,२०० झाला होता, आणि शेवटच्या वर्षी मूळ वेतन व महागाई भत्ता ५,६०० रुपये होता.

या कामगाराला कोणी सांगितले की १९९५ ची योजना आल्यापासून नोकरी सुटेपर्यंत सव्वाआठ वर्षांच्या वरच थोडी सेवा होते, आणि पेन्शनला दहा वर्षे लागतात, म्हणून पेन्शन नाही, तर ते ऐकायला तर्कशुद्ध वाटते. पण ते चुकीचे आहे. तो १९७१ नंतर पीएफचा सभासद झाला असल्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन योजनेत आपोआप आला, आणि त्या योजनेतील आधीची सेवा दहा वर्षांच्या पात्रतेसाठी मोजली जाते. १ एप्रिल १९७९ ते १५ नोव्हेंबर १९९५ म्हणजे साडेसोळा वर्षांहून थोडे अधिक; सभासदत्व मिळण्याआधीचा सुरुवातीचा थोडा काळ वगळता, दोन्ही मिळून जवळपास पंचवीस वर्षांची पात्र सेवा झाली. अशा वेळी १९८०-९० च्या दशकांतील एखादी पावती, जिच्यावर कुटुंब पेन्शनचा रकाना दिसतो, हजारो रुपयांच्या मोलाची ठरते.

पेन्शनचे दोन तुकडे होतात. १९९५ नंतरचा तुकडा सूत्राने निघतो: सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. सरासरी त्या काळी शेवटच्या बारा महिन्यांची काढत. १ सप्टेंबर २०१४ पासून साठ महिन्यांची काढतात. इथे ५,६०० गुणिले ८ भागिले ७०, म्हणजे ६४० रुपये. आधीच्या सेवेचा तुकडा ठरीव आहे: पंधरा ते वीस वर्षांच्या गटात, १६ नोव्हेंबर १९९५ ला पगार २,५०० पर्यंत असेल तर १२० रुपये, त्याहून अधिक असेल तर १३५. आपला कामगार १३५ च्या ओळीत बसतो, आणि ही रक्कम त्या दिवसापासून अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या काळानुसार योजनेतील तक्त्याच्या गुणकाने वाढवली जाते. पगार २,७०० होता की २,४५०, हे दाखवणारी नोव्हेंबर १९९५ ची पावती म्हणूनच वेगळी काढून ठेवावी. पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी पूर्ण मिळते. पन्नाशीनंतर आधी घेतले तर प्रत्येक वर्षामागे कपात होते, जी आता चार टक्के आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन दरमहा १,००० रुपये आहे.

याच कामगाराला १९९६ च्या ऑगस्टमध्ये यंत्रावर अपघात होऊन बोट गेले असते तर? एकूण पगार ३,००० च्या वर गेल्यामुळे ३१ मार्च १९९६ नंतर तो ईएसआयबाहेर होता आणि १ जानेवारी १९९७ ला मर्यादा वाढल्यावर परत आत आला. मधल्या नऊ महिन्यांतील अपघाताला १९२३ चा कायदा लागू, म्हणजे दावा मालकाविरुद्ध. त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या अपघाताला ईएसआय लागू, म्हणजे दावा ईएसआय महामंडळाकडे, आणि मालकाकडून त्याच इजेसाठी वेगळी भरपाई मागता येत नाही. १९२३ च्या कायद्याखाली दाव्याची मुदत दोन वर्षांची होती. विलंब माफ होऊ शकत असे, पण इतक्या वर्षांनी त्या आशेवर विसंबू नये. ईएसआयच्या बाजूला मात्र कायमचे अपंगत्व वैद्यकीय मंडळाने ठरवून दिले असेल, तर त्याचे मासिक देणे आयुष्यभर चालू राहते.

ग्रॅच्युइटीचा हिशोब सोपा आहे: शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले पूर्ण वर्षे. ५,६०० ला १५ ने गुणून २६ ने भागले की ३,२३०.७७, आणि पंचवीस वर्षांचे सुमारे ८०,७६९ रुपये. वरची मर्यादा तेव्हा साडेतीन लाख होती. २४ मे २०१० पासून ती दहा लाख आणि २९ मार्च २०१८ पासून वीस लाख झाली. ज्या दिवशी नोकरी सुटली त्या दिवशीची मर्यादा धरायची, आजची नाही.

काढलेले पैसे आणि राहिलेले पैसे

कंपनी सुटल्यावर ‘पीएफ काढला’ असे लोक म्हणतात, पण त्यात दोन वेगळे अर्ज असतात. फॉर्म १९ ने निधीची शिल्लक मिळते. फॉर्म १०-सी ने पेन्शनच्या हिश्शाची परतफेड किंवा सेवेचे प्रमाणपत्र मिळते. ज्याने १०-सी भरून परतफेड घेतली, त्याची त्या नोकरीतील पेन्शनची सेवा पुसली गेली. ज्याने फक्त फॉर्म १९ भरला, त्याची सेवा शिल्लक आहे. म्हणून बँकेच्या जुन्या पासबुकात एकच रक्कम जमा झाली होती की दोन, हे पाहावे. दहा वर्षे पूर्ण झालेल्यांना परतफेड घेता येत नाही. त्यांनी सेवेचे प्रमाणपत्र घ्यावे आणि वय झाल्यावर फॉर्म १०-डी भरावा.

या पट्ट्यातील काही मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे पीएफ ट्रस्ट होते. ट्रस्टने पैसे चुकते केले म्हणजे सगळे संपले, असा समज त्या कामगारांत पसरलेला असतो. ट्रस्ट निधीपुरता होता. पेन्शनची वर्गणी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडेच जात होती, आणि तिचा दावा ठाणे किंवा वाशीच्या कार्यालयात वेगळा करावा लागतो.

कंत्राटी कामगाराची अडचण आणखी निराळी. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत एकच माणूस त्याच खात्यात पंधरा वर्षे काम करी आणि त्याचा कंत्राटदार मात्र दर काही वर्षांनी बदले. कंत्राटदार बदलला की नवा पीएफ क्रमांक. सगळ्या नोकऱ्यांना एकच कायम क्रमांक, म्हणजे यूएएन, देण्याची पद्धत २०१४ पासूनची आहे, त्यामुळे त्याआधीचे क्रमांक आपोआप जोडले गेले असतील असे मानू नये. प्रत्येक खाते वर्ग करून घेतल्यास तुटक सेवा जोडली जाते आणि दहा वर्षे भरतात. कंत्राटदाराने कपात करूनही भरणा केला नसेल, तर मुख्य मालकाची जबाबदारी कायद्यात आहे; त्यासाठी गेटपास, हजेरी कार्ड आणि त्या कंपनीच्या नावाचे इतर कोणतेही कागद जोडावेत.

कंपनी बंद असल्यामुळे अर्जावर सही कोण करणार, या प्रश्नावर अनेक जण अडून बसतात. आधार आणि बँक खाते यूएएनला जोडलेले असेल तर मालकाच्या सहीची गरज बहुतेक दाव्यांत उरलेली नाही. तसे नसेल, तर राजपत्रित अधिकारी, बँक व्यवस्थापक किंवा पोस्टमास्तर यांच्यासारख्या अधिकृत व्यक्तीची साक्षांकित सही चालते. नाव, जन्मतारीख किंवा वडिलांच्या नावातील फरक आधी दुरुस्त करून घ्यावा. स्लिपवर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे, एवढ्या कारणावर दावे परत येतात. दर महिन्याच्या २७ तारखेला ‘निधी आपके निकट’ हे शिबिर असते. गुंतागुंतीचे प्रकरण तिथे सगळे कागद घेऊन समोरासमोर मांडलेले बरे.

तुर्भ्याचा बाजार आणि माथाडी मंडळे

गोणी उचलणाऱ्या हमालाला मालक कोण, हा प्रश्न १९२३ पासूनच्या एकाही कायद्याला सोडवता आला नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर, मजुरी नगावर, टोळीचा मुकादम पैसे वाटणार. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला, आणि त्याने या प्रश्नाला वळसा घालून मार्ग काढला: व्यापारी आणि कामगार दोघांनी मंडळाकडे नोंदणी करायची, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने मजुरी वाटायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस यांची सोय करायची. मंडळावर कामगार, मालक आणि शासन तिघांचे प्रतिनिधी. कायमचा मालक नसलेल्या माणसाला सामाजिक विमा देण्याची ही युक्ती माझ्या मते आपल्या राज्याच्या कामगार कायद्यांतील सर्वांत कल्पक गोष्ट. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ च्या कायद्याने हाच नमुना उचलला.

मुंबईचे घाऊक बाजार १९८१ पासून टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत आले, कांदा-बटाटा आधी आणि बाकीचे नंतर. त्यामुळे एकाच माथाडीची सुरुवातीची वर्षे मशीद बंदर किंवा भायखळ्याच्या बाजारात आणि नंतरची तुर्भ्यात गेलेली असतात. त्याचा हिशोब शोधताना यूएएन विचारत बसू नये. मंडळातील नोंदणी क्रमांक, टोळी क्रमांक आणि मंडळाचे नाव या तीन गोष्टी लागतात. मालाप्रमाणे मंडळे निरनिराळी आहेत, किराण्याचे वेगळे, भाजीपाल्याचे वेगळे, लोखंडाचे वेगळे. कामगाराने माल बदलला असेल, तर दोन मंडळांकडे विचारणा करावी लागेल. नोंद नसलेली वर्षे, म्हणजे नोंदणीआधी टोळीत ‘पाटीवर’ केलेले काम, हिशोबात येत नाही. ते वाईट असले तरी तसे आहे. वारसांनी वारसनोंद आधी करून घ्यावी, कारण पैशापेक्षा टोळीतील जागेचा वाद पुढे जास्त चिघळतो.

बंद कंपनीकडून ग्रॅच्युइटी

मालक हयात आणि कंपनी नावापुरती का होईना अस्तित्वात असेल, तर फॉर्म ‘आय’मध्ये मालकाकडे लेखी मागणी करावी, रजिस्टर्ड पोस्टाची पोच ठेवावी, आणि तीस दिवसांत पैसे न आल्यास नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जावे; महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहत आले आहेत, ठाण्यातही ते न्यायालय आहे. नव्वद दिवसांची मुदत टळली तरी सबळ कारण देऊन विलंब माफ करून घेता येतो, आणि उशिरावर व्याज मागता येते. आस्थापनेत कधीकाळी दहा माणसे होती आणि नंतर सहाच उरली, असा बचाव मालक करतात; तो टिकत नाही, कारण एकदा लागू झालेला कायदा संख्या घटल्याने सुटत नाही. कंपनी अवसायनात गेली, म्हणजे कायद्याने गुंडाळली जात असेल, तर ते काम पाहणाऱ्या लिक्विडेटरकडे दावा दाखल करावा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार भविष्य निर्वाह निधी, पेन्शन निधी आणि ग्रॅच्युइटी निधीत असलेली रक्कम घेणेकऱ्यांच्या वाटपात धरली जात नाही. पण निधीच वेगळा काढला नसेल, तर ग्रॅच्युइटीची वाट लांबते.

कामगार नोकरीत असताना गेला असेल, तर पाच वर्षांची अट ग्रॅच्युइटीला लागत नाही. विधवेने निधीसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी आणि विम्यासाठी ५-आयएफ असे तिन्ही अर्ज एकत्र द्यावेत. तिसरा अर्ज राहून जातो. ठेव-संलग्न विमा १९७६ पासून आहे, वर्गणी फक्त मालक भरतो, म्हणून पगाराच्या पावतीवर तो दिसत नाही.

ईएसआयमध्ये पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाने किंवा स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडलेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. वागळे इस्टेटच्या कामगार रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात वर्षानुवर्षे गेलेल्या लोकांनाही ही तरतूद ठाऊक नसते.

घोडबंदर रस्त्यावरच्या बांधकामांवर राबलेल्यांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, पण महाराष्ट्रातील मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले, आणि तिथे मागची सेवा मोजली जात नाही. वर्षातून नव्वद दिवस काम केल्याचा दाखला देऊन केलेली आणि चालू ठेवलेली नोंदणीच लाभ देते, साठाव्या वर्षापर्यंत. ज्यांच्यापाशी कोणतीच नोंद निघत नाही आणि उत्पन्नही नाही, त्यांनी तहसील कार्यालयातील संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचा अर्ज करावा. तिथे वर्गणीचा प्रश्न नसतो, वय, उत्पन्न आणि रहिवासाचे दाखले मात्र लागतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि १९२३, १९४८, १९५२, १९६१ (प्रसूती लाभाचा) व १९७२ चे कायदे धरून नऊ कायदे तिच्यात विलीन झाले. ठराविक मुदतीच्या नोकरीत एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळण्याची तरतूद तिच्यातून आली. घरातून कामावर येता-जाताच्या अपघाताला ईएसआयमध्ये २०१० च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले होते, आणि १९२३ च्या कायद्याचाही तसाच अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये लावला. जुन्या कायद्यांखाली आधीच निर्माण झालेले हक्क संहितेमुळे जात नाहीत. त्यामुळे २००४ मध्ये सुटलेल्या नोकरीचा अर्ज लिहिताना त्या काळच्या कायद्याचे नाव आणि कलम लिहावे, आणि संहितेचा उल्लेख सोबतच्या पत्रात एका ओळीत करावा.